चेंबर ऑर्केस्ट्रा आणि नृत्य एकाच मंचावर: विद्यापीठातल्या मैफलीची तयारी कशी करावी

विद्यापीठाच्या चेंबर ऑर्केस्ट्राने (छोट्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाने) वाजवायचं आणि नृत्य विभागाने त्यावर नाचायचं, एवढं ठरायला एक बैठक पुरते. पुढे गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: दोन्ही गट आपापल्या खोलीत दोन-अडीच महिने तयारी करतात आणि शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा समोरासमोर येतात. तोवर नर्तकांच्या अंगात कुठल्या तरी रेकॉर्डिंगची लय भिनलेली असते आणि वादकांच्या हाताला दुसरीच लय बसलेली असते. त्यामुळे आधी लय ठरवावी. जागा, दिवे, परवानग्या हे सगळं तिच्यामागून येतं.

कार्यक्रमाच्या तारखेआधी किमान पाच-सहा महिने हातात असावेत. परीक्षा आणि सुट्ट्या पहिल्याच बैठकीत कॅलेंडरवर मांडा. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात एकत्र तालीम ठेवू नये, कारण त्या आठवड्यात नर्तकांचं शरीर आणि वादकांची बोटं दोन्ही थंड असतात.

रचना निवडताना

पहिला प्रश्न: वादक किती आणि कोणते? फक्त तंतुवाद्यं असतील तर ग्रीगची होल्बर्ग सुइट, म्हणजे छोट्या भागांची मालिका (मूळ पियानोसाठी १८८४, तंतुवाद्यांसाठी पुढच्या वर्षी), चायकोव्हस्कीची १८८० ची सेरेनेड आणि वॉरलॉकची १९२६ ची कॅप्रिओल सुइट या तिन्ही विद्यार्थी वादकांच्या आवाक्यातल्या आहेत, पण सारख्या सोप्या नाहीत. सेरेनेड पूर्ण वाजवायची तर पहिल्या व्हायोलिनची फळी भक्कम लागते. कॅप्रिओलचे सहाही भाग छोटे आहेत, सगळी मिळून दहा मिनिटांच्या आसपास आटोपते, आणि तिच्या चाली १५८९ मध्ये छापलेल्या एका नृत्यविषयक ग्रंथातून घेतलेल्या असल्याने पावलांना धरून चालतात. पहिल्यांदाच असा कार्यक्रम करत असाल तर इथूनच सुरुवात करावी असं आमचं मत आहे.

मुळात नृत्यासाठीच लिहिलेल्या छोट्या वाद्यवृंदाच्या रचना मोहात पाडतात आणि तो मोह रास्त आहे. कोपलंडची ॲपलेशियन स्प्रिंग १९४४ मध्ये अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी लिहिली गेली. मूळ रूपात तिला फक्त १३ वादक लागतात: बासरी, क्लॅरिनेट, बसून, पियानो, चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो आणि एक डबल बास. तेरा वादक म्हटल्यावर सोपं वाटतं, पण इथे जवळजवळ प्रत्येक जण उघडा पडतो. शिवाय मात्रा सतत बदलतात, त्यामुळे नर्तकांना नुसते आठ-आठ मोजून भागत नाही. स्ट्राविन्स्कीची सैनिकाची गोष्ट (१९१८) सात वादकांत होते, पण तालाच्या दृष्टीने ती याहून अवघड आहे. कंडक्टर अनुभवी असेल आणि तालमींना वेळ असेल तरच तिच्याकडे वळा.

दुसरा प्रश्न परवानगीचा. तो याच टप्प्यावर सोडवायचा, जाहिरात छापून झाल्यावर नाही. मैफलीत रचना वाजवण्याचा हक्क आणि तीच रचना नृत्यासाठी वापरण्याचा हक्क या अनेकदा वेगवेगळ्या बाबी असतात. विद्यापीठाकडे संगीत सादर करण्याचा सर्वसाधारण वार्षिक परवाना असला तरी त्यात नृत्यासह सादरीकरण येईलच असं नाही. ते प्रकाशकाला थेट लिहून विचारावं लागतं. पत्रात रचनेचं नाव, वादकसंख्या, प्रयोगांची संख्या, प्रेक्षागृहाची आसनक्षमता, तिकीट आहे की नाही आणि चित्रीकरण किंवा थेट प्रक्षेपण होणार का, हे सगळं एकदाच लिहा. चित्रीकरणाची परवानगी वेगळी असते आणि तीच हमखास विसरली जाते. अनेक देशांत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. काही ठिकाणी ही मुदत कमी-जास्त आहे. कोपलंड १९९० मध्ये गेला, स्ट्राविन्स्की १९७१ मध्ये. म्हणजे त्यांच्या बाबतीत गृहीत काही धरू नका. मूळ रचना मुक्त झालेली असली तरी नंतर कुणी केलेल्या रूपांतराचा हक्क शिल्लक असू शकतो. आणि जुनं, गाजलेलं नृत्य जसंच्या तसं उचलणार असाल तर त्या नृत्यरचनेचाही हक्क असतो.

लयीचा तक्ता

कंडक्टर आणि नृत्यदिग्दर्शक या दोघांनी, विद्यार्थ्यांशिवाय, स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) आणि मेट्रोनोम (लय मोजून दाखवणारं यंत्र) घेऊन दोन तास बसायचं. ही बैठक नृत्य बसवायला सुरुवात होण्यापूर्वी व्हायला हवी. तिच्यातून एक कागद तयार झाला पाहिजे. त्यावर प्रत्येक भागापुढे बारचे (स्वरलिपीतल्या ठरावीक मात्रांच्या कप्प्यांचे) आकडे, ठरलेली लय, खालची आणि वरची मर्यादा, आणि ती मर्यादा का, हे लिहिलेलं असावं. उदाहरणार्थ: «बार ३३ ते ६४, मिनिटाला १२० मात्रा, ११८ च्या खाली नाही, कारण उड्या.» शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. कारण माहीत असलं की कंडक्टर ऐन वेळी योग्य बाजूला चुकतो.

लय दोन-चार आकड्यांनी हलली तर बिघडतं काय, हे वादकांना समजावून सांगणं फार उपयोगाचं. माणूस ३० सेंटीमीटर उंच उडी मारतो तेव्हा तो साधारण अर्धा सेकंद हवेत असतो. १२० च्या लयीत एक मात्रा बरोबर अर्ध्या सेकंदाची, म्हणजे उडी मात्रेवर सुटते आणि पुढच्या मात्रेवर उतरते. लय ११२ वर आली की मात्रा ०.५३६ सेकंदांची होते. तेवढा वेळ हवेत राहायचं तर उडी ३५ सेंटीमीटरची हवी. पाच सेंटीमीटर जास्त, तेही ओळीने सोळा वेळा! नर्तक ते करू शकत नाही. तो लवकर उतरतो आणि प्रेक्षकाला वाटतं की नर्तक ताल सोडतोय. संथ भागात उलट घडतं. एका पायावर तोल धरून दुसरा पाय हळूहळू वर न्यायचा असेल, तर लय थोडी पळाली की पाय पूर्ण वर जाण्याआधीच संगीत पुढे निघून जातं. म्हणजे उड्यांच्या भागात संथपणा घातक, तोलाच्या भागात घाई. एकूण वेळेतही फरक पडतो: चार मात्रांचे ६४ बार १२० ने २ मिनिटं ८ सेकंदांत संपतात, ११२ ने त्यांना ९ सेकंद जास्त लागतात.

याच कागदावर थांबे आणि मंदावणारे शेवट यांचीही नोंद करा. प्रत्येक थांब्यापुढे एकच नाव हवं: सोडणार कोण? नर्तकाने हात खाली आणल्यावर कंडक्टरने पुढे जायचं, की कंडक्टरने श्वास दिल्यावर नर्तकाने हलायचं? «दोघं एकमेकांकडे बघून» असं ठरवलं तर दोघंही वाट बघत बसतात.

नर्तकांनी सरावासाठी कुठलं रेकॉर्डिंग वापरायचं, हाही लयीचाच प्रश्न आहे. बाजारातलं रेकॉर्डिंग सुरुवातीचे काही आठवडे चालतं, तेही तक्त्यातल्या लयीच्या जवळचं असेल तर. त्यानंतर तुमच्याच ऑर्केस्ट्राच्या तालमीचं रेकॉर्डिंग नर्तकांना द्या. ते पहिल्या-दुसऱ्या तालमीचं मात्र नको. तेव्हा वादक अवघड जागी हळू वाजवत असतात आणि तोच संथपणा नर्तकांच्या अंगात बसतो. तिसऱ्या-चौथ्या तालमीनंतर, लय तक्त्यावर आली की रेकॉर्ड करावं. फोनवर केलं तरी चालतं, फक्त फोन कंडक्टरच्या मागे दोन-तीन मीटरवर ठेवा, एखाद्या वादकाच्या पायाशी नको. चुका असलेलं, थोडं हलणारं हे रेकॉर्डिंग गुळगुळीत रेकॉर्डिंगपेक्षा जास्त कामाचं, कारण नर्तकांना त्यातून खऱ्या माणसांचा श्वास ऐकायची सवय लागते.

प्रयोगाच्या रात्री उत्साहाने लय चढतेच. कंडक्टरच्या स्टँडवर आवाज बंद केलेला, नुसता दिवा लुकलुकणारा मेट्रोनोम ठेवा. प्रत्येक भाग सुरू करण्याआधी दोन सेकंद त्याच्याकडे बघणं पुरेसं असतं.

एकाच भाषेत मोजणं

वादक बार मोजतात, नर्तक आठ-आठचे काउंट. वॉल्ट्झमध्ये (तीन मात्रांच्या नृत्यात) बहुतेक नर्तक अख्ख्या बारला एक काउंट देतात, म्हणजे ३२ बार हे त्यांचे चार आठ. कंडक्टर म्हणतो «बार १७ पासून», नर्तकांच्या दृष्टीने तो तिसऱ्या आठाचा एक असतो, आणि हे कुणीतरी डोक्यात भाषांतर करेपर्यंत अर्धा मिनिट जातो. असे अर्धे-अर्धे मिनिट जमून तालमीतले पंधरा-वीस मिनिटं गिळतात.

उपाय सोपा आहे. नृत्यदिग्दर्शकाच्या मदतनिसाने स्कोअरच्या छायाप्रतीवर प्रत्येक आठाचा आकडा पेन्सिलीने लिहायचा आणि कंडक्टरने तो आपल्या स्कोअरवर उतरवून घ्यायचा. पुनरावृत्ती असेल तिथे «१७, दुसऱ्यांदा» असं स्पष्ट लिहा. सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. सात मात्रांच्या बारमध्ये २+२+३ की ३+२+२ हे दोन्ही कागदांवर सारखंच असू द्या. सगळे पार्ट (प्रत्येक वादकाची स्वतःची स्वरलिपी) एकाच आवृत्तीचे असावेत, बारचे आकडे छापलेले नसतील तर तेही घालून घ्यावेत. बो (तंतुवाद्यांचा गज) कुठल्या दिशेने जाणार हे प्रत्येक विभागप्रमुखाने पहिल्या तालमीआधी ठरवून पार्टमध्ये उतरवावं.

वादक कुठे बसणार

व्हायोलिन-व्हायोलावाल्यांना माणशी सव्वा ते दीड चौरस मीटर जागा लागते, चेलो-बासला दीड ते दोन. तालवाद्यं आणि पियानोचा हिशोब वेगळा. वीस-बावीस वादकांना कंडक्टरसह ३५ ते ४५ चौरस मीटर धरा. सहा-आठ नर्तकांना किमान ८ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल मोकळी जागा हवी, १० बाय ८ मिळाली तर उत्तम. दोन्ही एका मंचावर मावणार नाहीत हे बहुतेक सभागृहांत जमिनीवर मोजणीची फीत लावताक्षणी लक्षात येतं, म्हणून फीत पहिल्याच आठवड्यात लावा.

मंच प्रेक्षागृहाच्या जमिनीपासून ९० सेंटीमीटर किंवा जास्त उंच असेल तर पुढच्या दोन-तीन रांगा काढून वादकांना मंचासमोर, खाली जमिनीवर बसवणं सगळ्यांत चांगलं. कंडक्टरचं तोंड मंचाकडे राहतं, त्याला नर्तकांचे पाय दिसतात. कंडक्टरचा चौथरा इथे वापरू नये. त्याचं डोकं मधोमध येऊन पाचव्या-सहाव्या रांगेची वाट लागते. डबल बास आणि उंच वाद्यं एका कडेला घ्या.

वादक नर्तकांच्या मागे बसवले तर चित्र देखणं दिसतं, पण कंडक्टरची पाठ नर्तकांकडे येते. मग एक कॅमेरा प्रेक्षागृहातून मंचाकडे आणि एक छोटा पडदा कंडक्टरच्या स्टँडजवळ लावावा लागतो. कॅमेरा थेट केबलने जोडा. वायफायवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात चित्र बऱ्याचदा पाव सेकंद किंवा जास्त मागे असतं, आणि १२० च्या लयीत पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. कंडक्टर त्या चित्राच्या मागे जाऊ लागला की दर आठाला लय खाली घसरते. तपासायला सोपं: कुणीतरी मंचावर टाळी वाजवावी, आवाज आणि पडद्यावरचा हात एकत्र आले तरच ती व्यवस्था घ्या.

वादक एका बाजूला बसवणं हा तिसरा पर्याय. तो आम्ही शेवटचा मानतो. नृत्याच्या प्रकाशाचा जीव विंगांमधल्या दिव्यांत असतो. बाजूला वादक बसले की त्या बाजूचे दिवे झाकले जातात आणि समोरच्या विंगेतले थेट वादकांच्या डोळ्यांत जातात. दुसरा मार्गच नसेल तर समोरच्या विंगेतले खालचे दिवे काढून टाकावे लागतात आणि नृत्याचा अर्धा उठाव जातो.

कुठेही बसवा, मंचावर वादक असतील तर वादकांची पहिली खुर्ची आणि नृत्याची कड यांत दीड ते दोन मीटर सोडा आणि ती कड पांढऱ्या पट्टीने दाखवा. गिरकी घेऊन बाहेर आलेल्या पायाला व्हायोलिन दिसत नाही.

फरशी

काँक्रीटवर किंवा काँक्रीटला चिकटवलेल्या लाकडावर उड्या नकोत. नडगी आणि गुडघे दोन आठवड्यांत बोलायला लागतात. खाली हवा असलेली, थोडी लवचिक लाकडी जमीन हवी आणि तिच्यावर नृत्यासाठीचं व्हिनाइलचं आवरण. आवरणाच्या गुंडाळ्या निदान काही तास, शक्य तर एक रात्र उलगडून ठेवा. थंड गुंडाळी लगेच चिकटवली तर दिव्यांच्या उष्णतेने ती पसरते आणि फुगे येतात. जोडांवर पट्टी सलग लावावी आणि अनवाणी पायाने सगळे जोड एकदा चालून बघावेत. पायाला लागलेला जोड प्रयोगात अंगठा कापतो.

या फरशीचे तीन शत्रू ऑर्केस्ट्रातच बसलेले असतात. पहिला चेलो आणि बासचा टोकदार एंडपिन, म्हणजे वाद्य जमिनीवर टेकवणारी खालची दांडी: तो व्हिनाइलला भोक पाडतो, म्हणून प्रत्येक चेलोवाल्याने लाकडी फळी किंवा खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा वापरायचा. दुसरा, बोच्या केसांना लावायचं रोझिन. त्याची भुकटी सांडली की ती जागा चिकट होते, गिरकीत पाय तिथेच अडतो आणि गुडघा पुढे जातो. रोझिन मंचावर नकोच, मागच्या खोलीत लावून यावं. तिसरा, फुंकवाद्यांतून गळणारं पाणी. प्रत्येक वादकाच्या पायाशी छोटा टॉवेल ठेवा. फरशी प्रयोगाआधी साध्या पाण्याने किंचित ओलसर फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. साबणाचा थर राहिला की पाय घसरतो.

दिवे

वादकांच्या स्टँडवरचे दिवे मंचाच्या डिमरवर (दिवे मंद करणाऱ्या यंत्रणेवर) जोडू नका. प्रकाशयोजनाकाराने पूर्ण अंधार केला की तेही विझतील आणि संगीत थांबेल. त्यांना स्वतंत्र जोडणी द्या, वरून काळी झडप लावा म्हणजे उजेड फक्त कागदावर पडतो. पार्टवरच्या खुणा मऊ पेन्सिलीनेच करा. लाल पेनाच्या खुणा लाल प्रकाशात दिसेनाशा होतात. धुरकट वातावरणासाठी यंत्र वापरायचं असेल तर फुंकवाद्यवाल्यांना आधी विचारा आणि निदान एक पूर्ण तालीम त्यात करून बघा. त्या धुराचा पातळ थर फरशीवरही बसतो.

तालमी

अडीच तासांच्या पाच-सहा तालमी ऑर्केस्ट्राच्या एकट्याच्या. त्यातल्या चौथ्या-पाचव्या तालमीला नृत्यदिग्दर्शकाने येऊन नुसतं ऐकावं, आणि कंडक्टरने नृत्याच्या दोन तालमी शांतपणे बघाव्यात. विभागप्रमुख वादकही आले तर फारच चांगलं. ज्या व्हायोलिनवाल्याने आपल्या स्वरावर उचलली जाणारी नर्तकी पाहिली आहे, तो तो स्वर घाईने संपवत नाही.

एकत्र तालमी किमान तीन. पहिली थांबत-थांबत, वेशभूषा आणि दिव्यांशिवाय, फक्त लयीसाठी. प्रत्येक भाग एकदा सलग घ्या, मग फक्त जिथे फाटलं ते दुरुस्त करा. दर चार बारांना थांबलात तर नर्तकांचं शरीर थंड पडतं आणि दुखापत होते. दुसरी दिव्यांसह. त्याआधी दिवे आणि नर्तक यांची एक तांत्रिक तालीम रेकॉर्डिंगवर उरकून घ्या, नाहीतर वीस वादक एका दिव्याची दिशा बदलण्याची वाट बघत बसतात. तिसरी रंगीत तालीम, अजिबात न थांबता.

या तिसऱ्या तालमीआधी «परत गाठण्याच्या जागा» ठरवा. तार तुटली, पान उडालं, नर्तक पडला तर सगळ्यांनी कुठे भेटायचं? प्रत्येक भागात अशा दोन-तीन जागा, स्कोअरवर खुणेसाठी घातलेल्या मोठ्या अक्षरांजवळ, जिथे चाल ठळकपणे बदलते. नर्तकांनाही त्या तोंडपाठ हव्यात.

प्रयोगाचा दिवस

कार्यक्रमाचा क्रम लावताना नर्तकांचं शरीर लक्षात ठेवा. चाळीस मिनिटं नुसतं संगीत आणि मग नृत्य असा क्रम असेल तर नर्तकांना मागे तापत राहायला गरम, मोकळी खोली लागते. आवरण मध्येच पसरायला वेळ जातो, म्हणून ते सुरुवातीपासून अंथरलेलं असू द्या. सभागृहाचं तापमान २१ ते २३ अंशांच्या दरम्यान ठेवलं तर वाद्यं आणि स्नायू दोघांनाही चालतं. वादकांनी सूर मंचावरचे दिवे निदान पंधरा मिनिटं पेटल्यानंतर मिळवावेत, कारण उष्णतेने तारा उतरतात आणि फुंकवाद्यं चढतात.

इशारे देणारा माणूस एकच. तो विंगेत बसतो, त्याच्यासमोर बारचे आकडे घातलेला स्कोअर असतो, आणि स्कोअर वाचता येणाराच तिथे बसवायचा. कंडक्टरच्या स्टँडवर दोन छोटे दिवे: लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे सुरू करा. नर्तक अंधारात जागा घेत असताना हिरवा लागेपर्यंत कंडक्टरने हात वर घेऊ नये.

विंगेत बर्फ, क्रेप बँडेज, पाणी, सुटे ई आणि ए तारांचे संच, पार्टच्या जादा प्रती ठेवा. दुसऱ्या दिवशी आवरण पुसून, पट्ट्यांचा गोंद काढून सैल गुंडाळा. भाड्याने आणलेल्या पार्टवरच्या पेन्सिलीच्या खुणा परत पाठवण्याआधी पुसायच्या असतात. पण त्याआधी बो आणि काउंटच्या खुणांसकट कंडक्टरच्या स्वतःच्या स्कोअरचं आणि लयीच्या तक्त्याचं एक-एक पान स्कॅन करून विभागाच्या संग्रहात ठेवा. पुढच्या वर्षी हीच रचना कुणी काढली तर पहिली दोन तासांची बैठक त्यांना तिथूनच सुरू करता येईल.